तोंडी हुकूम

१९५१ साली वायदेबाजाराला वेसण घालणारा कायदा दिल्लीत घाटत होता आणि मुंबईच्या झवेरी बाजारात त्याची धास्ती होती. सोन्याचांदीतले तेजी-मंदीचे सौदे, त्यावरचा मुद्रांक कर, हे सगळे पेढ्यांच्या पोटापाण्याचे विषय. बॉम्बे बुलियन असोसिएशन ही या व्यापाऱ्यांची संघटना. आपले म्हणणे सरकारदरबारी पोचवण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. तिने ते पोचवण्यासाठी जो दूत निवडला तो मात्र खुद्द संसदेत बसत होता. त्यांचे नाव एच. जी. मुद्गल. हंगामी संसदेचे सदस्य, सत्ताधारी काँग्रेस पक्षाचे, मुंबईचे.

मुद्गल यांनी असोसिएशनच्या हिताचे प्रश्न सभागृहात विचारायचे, विधेयकाला दुरुस्त्या सुचवायच्या, मंत्र्यांच्या भेटीगाठी घडवून आणायच्या, असा तो व्यवहार. त्यापोटी त्यांच्या हाती पडलेली रक्कम होती २,७०० रुपये. आजच्या वाचकाला आकडा वाचून हसू येईल. पंडित नेहरूंना आले नाही. ८ जून १९५१ रोजी त्यांनी स्वतः ठराव मांडून सभागृहाची चौकशी समिती नेमायला लावली. समितीने साक्षी घेतल्या, कागद पाहिले आणि मुद्गल यांची वागणूक सभागृहाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारी आहे असा निष्कर्ष काढला. २४ सप्टेंबरला हकालपट्टीच्या ठरावावर चर्चा सुरू झाली. मुद्गल यांनी चर्चेत भाग घेतला, स्वतःचा बचाव केला आणि ठराव मंजूर होण्याआधीच राजीनामा देऊन टाकला. सभागृहाला ही चलाखी रुचली नाही. हा सदस्य हकालपट्टीलाच पात्र होता आणि राजीनाम्याच्या पत्रातली भाषा हा सभागृहाचा आणखी एक अवमान आहे, अशी नोंद दुसऱ्या दिवशी ठरावात करून ठेवण्यात आली.

प्रकरण तिथे मिटले. ते इथे सांगायचे कारण वेगळे आहे. त्या चौकशी समितीचे अध्यक्ष होते मद्रासचे तल्लख, धारदार जिभेचे उद्योजक-खासदार टी. टी. कृष्णम्माचारी. सगळा देश त्यांना टीटीके म्हणे. मुद्गलांच्या २,७०० रुपयांचा न्याय त्यांनी केला. सात वर्षांच्या आत ते स्वतः मुंबईत एका न्यायाधीशासमोर साक्ष देत उभे होते आणि या वेळी रक्कम सव्वा कोटीच्या घरात होती.

मधल्या काळात देशाच्या पैशाचा एक मोठा ओघ सरकारच्या हाती आला होता. आयुर्विमा तेव्हा खासगी कंपन्यांच्या ताब्यात होता आणि त्यातले काही मालक विमेदारांचा पैसा स्वतःच्या इतर धंद्यांत सर्रास फिरवत. डिसेंबर १९५५ मध्ये रायबरेलीचे खासदार फिरोज गांधी यांनी लोकसभेत दालमिया-जैन उद्योगसमूहाच्या विमा कंपनीतला गैरव्यवहार कागदोपत्री उघडा केला. फिरोज मुंबईत जन्मलेले पारशी गृहस्थ, पंतप्रधानांचे जावई. तोवर सभागृहात ते फारसे बोलत नसत. त्या भाषणानंतर त्यांच्याकडे दुर्लक्ष करण्याची चैन कोणालाच परवडणारी नव्हती.

१९ जानेवारी १९५६ रोजी सरकारने अध्यादेश काढून विमा कंपन्यांचा कारभार ताब्यात घेतला. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. कंपन्यांना तिजोऱ्या रित्या करायला उसंत मिळू नये म्हणून हा बेत शेवटपर्यंत गुप्त ठेवला गेला. मराठी वाचकाला ते दिवस दुसऱ्याच कारणाने आठवतील. तीनच दिवसांपूर्वी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली होती आणि शहरात गोळीबार सुरू होता. त्याच प्रश्नावर देशमुखांनी पुढे जुलैत मंत्रिपद सोडले. त्यांच्या जागी आले टीटीके. २४५ लहानमोठ्या विमा संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले तेव्हा ते देशमुखांचे अपत्य टीटीकेंच्या मांडीवर होते.

महामंडळाच्या कायद्यात एक शहाणपणाचे कलम होते. २१ वे. सरकारला सार्वजनिक हिताच्या धोरणाबाबत महामंडळाला निर्देश देता येतील, पण ते लेखी. त्यामागचा हिशेब सरळ आहे. पैसा विमेदारांचा. तो कुठे गुंतवायचा हे महामंडळाने ठरवायचे. सरकारला त्यात काही सांगायचेच असेल तर त्याने कागदावर सांगावे आणि त्याची जबाबदारी घ्यावी. शिवाय गुंतवणुकीचा सल्ला द्यायला एक समिती होती, बाजार कळणाऱ्या माणसांची. इतका बंदोबस्त होता. एका वर्षाच्या आत तो कसा बाजूला सारला गेला, हीच पुढची कथा.

कलकत्त्याचे हरिदास मुंदडा हे त्या काळच्या शेअरबाजारातले गाजलेले नाव. दिवे विकणारा फिरता विक्रेता म्हणून सुरुवात केलेल्या या माणसाने दहा-बारा वर्षांत इंग्रजांनी मागे सोडलेल्या कंपन्या एकामागून एक पटकावल्या. हातातले शेअर गहाण टाकायचे, त्या पैशातून आणखी शेअर घ्यायचे, तेही गहाण टाकायचे. बाजार चढता असेतोवर हा डोलारा उभा राहतो. १९५७ च्या उन्हाळ्यात बाजार उतरला, बँका तगादा लावू लागल्या आणि मुंदडांना कोणीतरी मोठे गिऱ्हाईक तातडीने हवे झाले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ते अर्थखात्याचे प्रधान सचिव एच. एम. पटेल यांना भेटले. पटेल आयसीएस, फाळणीच्या वेळी दोन देशांत मालमत्तेची वाटणी करणारे, सरकारी वर्तुळात अत्यंत कर्तबगार म्हणून ओळखले जाणारे. मुंदडांनी आपल्या अडचणींचे आणि त्यावरच्या उपायाचे पत्र त्यांना दिले. उपाय असा, की महामंडळाने मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर विकत घ्यावेत. पुढचे सगळे चार-पाच दिवसांत उरकले. महामंडळाचे अध्यक्ष जी. आर. कामत आणि व्यवस्थापकीय संचालक एल. एस. वैद्यनाथन यांनी मुंदडांशी बोलणी केली आणि २४-२५ जूनला सहा कंपन्यांच्या शेअरांचा सौदा पक्का झाला. भायखळ्याची रिचर्डसन क्रुडास, कलकत्त्याची जेसप, कानपूरच्या लाल इमली गिरणीची मालक ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन, शिवाय स्मिथ स्टॅनिस्ट्रीट, ऑस्लर लॅम्प्स आणि एंजेलो ब्रदर्स. किंमत सुमारे सव्वा कोटी रुपये. गुंतवणूक समितीला विचारण्यात आले नाही. तिला कळले ते सौदा झाल्यावर. आणि २१ व्या कलमाखालचा लेखी निर्देश? असा कागद नव्हताच.

ही गोष्ट लपून राहणे अवघडच होते. शेअरबाजारात भिंतींना कान असतात. ऑगस्ट-सप्टेंबरपासून कुजबुज सुरू झाली, लोकसभेत प्रश्न आले आणि सरकारने अशी उत्तरे दिली की त्यांतून काहीच कळू नये. संसदेतली सरकारी उत्तरे वाचणाऱ्याला ही शैली परिचयाची आहे. विचारले त्याला खोटे सांगायचे नाही, पण खरेही हाताला लागू द्यायचे नाही. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी उठले ते हातात कागद घेऊनच. कोणत्या तारखेला कोणते शेअर घेतले, बाजारभाव काय होता, महामंडळाने काय दिला, कोणी कोणाला काय लिहिले, हे त्यांनी ओळीने वाचून दाखवले. अर्थमंत्री आणि त्यांचे सचिव यांच्यातला पत्रव्यवहारही त्यांच्यापाशी होता. विरोधी बाकांवरून असे भाषण झाले असते तर राजकारण म्हणून झटकता आले असते. हे भाषण सत्ताधारी बाकांवरून, पंतप्रधानांच्या जावयाने केले होते. चौकशी नाकारणे अशक्य झाले.

नेहरूंनी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद करीम छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला. तारीख होती १७ जानेवारी १९५८. छागलांनी दोन गोष्टी ठरवल्या आणि माझ्या मते सगळे प्रकरण त्या दोन गोष्टींवर फिरले. एक, चौकशी उघड होईल, बंद दाराआड नाही. दोन, ती रेंगाळणार नाही. केंद्र सरकारचे महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड आयोगाच्या मदतीला आले. म्हणजे सरकारचा सर्वोच्च वकील सरकारच्याच मंत्र्याची आणि सचिवाची उलटतपासणी घेणार होता. छागला आणि सेटलवाड दोघेही मुंबईच्या वकिलीच्या तालमीत तयार झालेले, मोजके बोलणारे आणि शब्दांचा काथ्याकूट न खपवून घेणारे. अशी जोडी पुन्हा जमल्याचे ऐकिवात नाही.

मुंबईकरांनी या सुनावणीला गर्दी केली. आत जागा पुरेना तेव्हा बाहेर उभ्या राहिलेल्यांना ऐकू यावे म्हणून ध्वनिक्षेपक लावावे लागले. कल्पना करा, रस्त्यावर उभा असलेला गिरणीतला कारकून, ज्याच्या पगारातून दरमहा विम्याचा हप्ता कापला जातो, तो आपल्या पैशाचे काय झाले हे देशाच्या अर्थसचिवाच्या तोंडून ऐकतो आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा यायला तेव्हा ४७ वर्षे अवकाश होता.

साक्षींतून जे निघाले ते एखाद्या फार्सला शोभावे असे होते. कामत आणि वैद्यनाथन यांचे म्हणणे, आम्ही तो सरकारचा हुकूम समजलो. पटेल म्हणाले, हुकूम नव्हता, सल्ला होता, आणि मंत्र्यांना सगळे ठाऊक होते, त्यांची संमती होती. मंत्री म्हणाले, मी अशी मान्यता दिलीच नव्हती. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार आणि स्टेट बँकेचे अध्यक्ष पी. सी. भट्टाचार्य यांनाही साक्षीला यावे लागले, कारण मुंबईतल्या ज्या बैठकीत विषय निघाल्याचे पटेल सांगत होते तिथे हेही होते. बैठकीत कोणी काय म्हटले, कोणाच्या कानाशी कोण काय बोलले, मान हलली ती होकाराची की नुसती ऐकल्याची, यावर देशातली सर्वांत हुशार माणसे एकमेकांच्या विरुद्ध शपथेवर सांगत होती. सव्वा कोटीचा खर्च आणि मंजुरीचा आधार काय, तर आठवण.

खरेदीचे समर्थन असे केले गेले, की कलकत्त्याचा बाजार मुंदडांच्या शेअरांमुळे डळमळला होता, तो सावरायचा होता. ऐकायला बरे वाटते. पण बाजार सावरायचा तर चार चांगल्या कंपन्यांचे शेअर घ्यावेत; एकाच अडचणीतल्या माणसाच्या सहाच्या सहा कंपन्या कशाला? तेही भाव त्याच्याशी बसून ठरवून? आणि बाजाराची माहिती असलेल्या आपल्याच समितीला न विचारता? छागलांनी हे समर्थन फेटाळले.

१० फेब्रुवारीला अहवाल तयार होता. नेमणुकीपासून २४ दिवस. आपल्याकडे आज आयोग नेमला जातो तो बहुधा विषय थंड व्हावा म्हणून. मुदतवाढीची पत्रे अहवालापेक्षा जाड होतात. त्या पार्श्वभूमीवर हा २४ दिवसांचा आकडा मला सव्वा कोटीच्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

अहवालात छागलांनी पटेल, कामत आणि वैद्यनाथन यांच्यावर ठपका ठेवलाच. पण खरा घाव मंत्र्यांच्या बचावावर होता. खालच्यांनी केले, मला माहीत नव्हते, असे मंत्र्याला म्हणता येणार नाही, खात्यात जे घडते त्याची घटनात्मक जबाबदारी त्याचीच, हे त्यांनी निःसंदिग्धपणे मांडले. वस्तुस्थितीचाही त्यांनी निकाल लावला: सौदा कळल्यावर मंत्र्यांनी तो नाकारला नाही, रागावले नाहीत, रद्द करायला सांगितला नाही, त्या अर्थी तो त्यांना मान्य होता असेच धरावे लागेल. पुढे शिफारशी होत्या. सरकारने स्वायत्त महामंडळांच्या कारभारात ढवळाढवळ करू नये; करायचीच तर लेखी निर्देश द्यावा. महामंडळाचा प्रमुख धंद्याची आणि वित्ताची जाण असलेला असावा, नुसता सनदी अधिकारी नव्हे. सनदी अधिकाऱ्याला अर्थसचिवाचा सल्ला हा हुकूमच वाटतो, हे कामतांच्या साक्षीने सिद्ध झाले होते. विमेदारांचा पैसा विमेदारांच्याच हितासाठी वापरला जावा. आणि संसदेला माहिती पहिल्या संधीला द्यावी, ती दुसरीकडून कळण्याची वाट पाहू नये.

१८ फेब्रुवारीला टीटीकेंचा राजीनामा लोकसभेत जाहीर झाला. तो स्वीकारताना नेहरूंनी लिहिलेल्या पत्रात, या प्रकरणात तुमचा वाटा सर्वांत कमी होता अशी आपली खात्री असल्याचे म्हटले. छागलांचा निष्कर्ष आणि पंतप्रधानांची खात्री यांत अंतर होते आणि ते कोणाच्याही नजरेतून सुटले नाही. नेहरूंच्या मोठेपणाचे दोन्ही पैलू इथे दिसतात. मुद्गल परका होता, त्याच्या बाबतीत तत्त्व आणि निर्णय एकाच सरळ रेषेत चालले. टीटीके हे आवडते सहकारी. तिथे चौकशी त्यांनी होऊ दिली, राजीनामा घेतला, पण मन मात्र मान्य करीना.

मुंदडांना अटक झाली, तुरुंगवासही घडला. पटेलांवर वेगळे चौकशी मंडळ बसले, त्याचे प्रमुख होते नागपूरला नाव कमावलेले सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस. पटेलांनी सेवा सोडली आणि गुजरातेत वल्लभ विद्यानगरच्या शिक्षणसंस्थांत स्वतःला गाडून घेतले. फिरोज गांधी सप्टेंबर १९६० मध्ये, पन्नाशीही न गाठता, गेले. त्यांनी खासगी विधेयक मांडून १९५६ साली करवून घेतलेला एक कायदा मागे राहिला: संसदेत जे बोलले जाते ते वृत्तपत्राने प्रामाणिकपणे छापले तर त्यावर खटला भरता येणार नाही. मुंदडा प्रकरणातल्या भाषणांचे वृत्तांत छापताना संपादकांना याच कायद्याचा आधार होता. आणीबाणीत, १९७६ साली, तो रद्द झाला. तेव्हा पंतप्रधान कोण होते हे सांगायला नको. १९७७ साली जनता सरकारने तो परत आणला.

त्याच जनता सरकारात अर्थमंत्री झाले एच. एम. पटेल. टीटीके तर त्याआधीच, १९६३ साली, पुन्हा अर्थमंत्री झाले होते. १९६५ च्या अखेरीस कुटुंबाच्या व्यवसायावरून आरोप झाले आणि पंतप्रधान शास्त्रीजींनी ते न्यायाधीशाच्या नजरेखालून घालायचे म्हणताच त्यांनी दुसऱ्यांदा पद सोडले. पटेलांबद्दल माझे मत मी राखून ठेवतो. त्यांनी पैसा खाल्ला असे कोणी म्हटले नाही. वरच्याची मर्जी आणि खालच्याची आज्ञाधारकता यांच्यामध्ये कागद न ठेवण्याची चूक त्यांनी केली, आणि ती चूक दिल्लीत नवी नव्हती, शेवटचीही नव्हती.

चिंतामणराव देशमुख एव्हाना मंत्रिमंडळाबाहेरून हे बघत होते. १९५९ साली त्यांनी जाहीर मागणी केली की मंत्र्यांवरच्या आरोपांची शहानिशा करणारे एक उच्चाधिकार न्यायपीठ कायमचे असावे. ते स्थापले तर आपण काही प्रकरणे त्यापुढे ठेवू. नेहरूंनी नकार दिला. देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, सहा वर्षे अर्थमंत्री. त्यांना कोणी भडक आरोप करणारा म्हणू शकत नव्हते. तरीही नकार. लोकपालाचा कायदा संसदेने केला तो २०१३ साली. देशमुखांच्या मागणीपासून ५४ वर्षांनी.

भ्रष्टाचार रोखण्याचे उपाय सुचवण्यासाठी नेमलेल्या संथानम समितीने १९६४ साली दिल्लीतल्या एका जमातीकडे बोट दाखवले: मोठ्या उद्योगांचे संपर्क अधिकारी, मधले लोक, ज्यांचे काम सचिवालयाच्या पायऱ्या चढणे आणि ओळखी जपणे. उद्योगाच्या वतीने कोण बोलायला येतो हे आधी नोंदलेले असावे, नोंद नसलेल्याशी अधिकाऱ्याने व्यवहार करू नये, भेटीची टिपणे ठेवावीत, अशा आशयाच्या सूचना समितीने केल्या. केंद्रीय दक्षता आयोग याच समितीमुळे जन्माला आला. भेटींच्या नोंदीची सूचना मात्र फायलीतच राहिली.

मुद्गलांचे नाव संसदेत पुन्हा घेतले गेले ते डिसेंबर २००५ मध्ये. पैसे घेऊन प्रश्न विचारणारे खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले आणि ११ जणांची हकालपट्टी झाली. त्यांत जळगाव आणि एरंडोल या आपल्याकडच्या दोन मतदारसंघांचेही खासदार होते. १९५१ चा दाखला पुढे करण्यात आला आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००७ मध्ये ती कारवाई वैध ठरवली. पैसे घेणाऱ्याला शिक्षा करण्याची परंपरा अशी अर्धशतकानंतरही शाबूत निघाली. पैसे देणारे, शब्द टाकणारे, फोनवर सुचवणारे कोण, याची नोंद ठेवण्याची परंपरा सुरूच झाली नाही. महामंडळाच्या कायद्यात २१ वे कलम लेखी निर्देशाच्या अटीसह आजही आहे. लॉबिंग करणाऱ्यांची नोंदणी सक्तीची करणारा कायदा भारतात अजून झालेला नाही.